हिलेरची पांढरी पँट

रविवारच्या प्रार्थनेला हिलेर पांढरी पँट घालून आला आणि ओनेझीमचं देवाकडचं लक्ष उडालं ते उडालंच.

पाद्री काय सांगत होते कोण जाणे. ओनेझीम पुढच्या बाकावरच्या त्या पँटकडे बघत होता. कडक इस्त्री, पांढरीशुभ्र, कुठे ओल नाही, डाग नाही. आमच्या चर्चमध्ये उठबस फार. उभे राहा, गुडघे टेका, पुन्हा बसा. हिलेर प्रत्येक वेळी ताठ उभा राहायचा आणि पाठ सगळ्यांना नीट दिसेल इतका वेळ उभा राहायचा. ओनेझीम मात्र उठताना आपल्या काळ्या पँटमध्ये आतून भिजत होता, आणि तोंडाने स्तोत्र म्हणत होता.

दोघांची शस्त्रक्रिया एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टरीणबाईंच्या हातून झालेली. प्रोस्टेटचा कॅन्सर. आमच्या मार्टिनिक बेटावर हे दुखणं परकं नाही. रमच्या गुत्त्यात चार म्हातारे बसले तर एकाला तरी झालेलं असतं आणि दुसऱ्याला व्हायची भीती असते. डॉक्टर बेलरोझनी दोघांचीही ग्रंथी काढून टाकली आणि सांगितलं, की काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही, बिछान्यातल्या गोष्टींनाही वेळ लागेल, धीर धरा. धीर धरणं ओनेझीमला जमलं असतं. शेजारी हिलेर नसता तर.

हे पोटात दुखणं जुनं होतं. ओनेझीम योल बनवणारा. योल म्हणजे आमची शर्यतीची होडी. तिच्या तळाला तोल धरणारं वजन नाही, मागे सुकाणू नाही. माणसांनी लांब दांड्यांवर समुद्राबाहेर लटकून तिला उभं धरायचं आणि तांडेलाने मोठ्या वल्ह्याने वाट धरायची. तिच्यातली माणसं उतरली की ती आडवी पडते. अशी लहरी होडी घडवायला हात लागतो, आणि रोबेर गावात ओनेझीमच्या हाताला तोड नव्हती. लाकूड निवडायला तो स्वतः डोंगरात जायचा, फासळ्या वाकवायचा, आणि होडी तयार झाली की तिच्यावर तांडेल म्हणून हिलेर चढायचा.

एका वर्षी सगळ्या बेटाची शर्यत त्यांच्या योलने मारली. पिवळ्या पट्ट्याचं शीड होतं तिचं. गावाने हिलेरला खांद्यावर घेतलं, ढोल वाजवत चर्चपर्यंत नेलं. होडी बनवणारा माणूस मागे पाण्यात उभा राहून दोर गुंडाळत होता. त्याला कोणी बोलावलं नाही असं नाही, पण खांद्यावर घ्यायला कोणी वाकलं नाही. ते पिवळ्या पट्ट्याचं शीड ओनेझीमने घडी घालून आपल्या कारखान्यात माळ्यावर ठेवलं. ते त्याने कोणाला हात लावू दिलं नाही.

तेव्हापासून हिलेरचं जे जे चांगलं ते ओनेझीमच्या डोळ्यांत खुपायचं. हिलेरची गाडी. हिलेरचं नाचणं. बायको गेल्यावरसुद्धा त्या बाबाने खचू नये, याचंही ओनेझीमला वाईट वाटलं होतं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं होतं. त्यातल्या त्यात एक समाधान होतं: ओनेझीमकडे बायको होती, रोलांद. गावातली सगळ्यात चांगली शिवणारी बाई, आणि तोंडाने सगळ्यात फटकळ.

आता शस्त्रक्रियेनंतरचं. शहरातल्या इस्पितळात एक संशोधन चालू होतं. ऑपरेशननंतर पुरुष कसा सावरतो, कोणाचा आजार परत उलटतो, कोणाचा नाही, हे डॉक्टर बेलरोझना शोधायचं होतं. त्यासाठी दर तीन महिन्यांनी रक्त घेऊन त्यातला आजाराचा आकडा बघायचा आणि नर्स मिरेयने फोन करून प्रश्न विचारायचे. पहिला फोन आला तेव्हा रोलांद समोरच बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"मुस्यू ओनेझीम, दिवसाला पॅड किती लागतात?"

"एकही नाही."

"खोकताना, वजन उचलताना गळतं का?"

"छे. कोरडं."

"आणि पती-पत्नीचं कसं काय?"

"उत्तम," ओनेझीम म्हणाला आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" रोलांदने विचारलं.

"लाकडाचा व्यापारी."

"लाकूड कोरडं आहे का म्हणून तोच तुला विचारतो?" रोलांद म्हणाली. शेंगा सोलायची काही थांबली नाही.

खरं काय होतं? खरं असं होतं, की ओनेझीम दिवसाला चार पॅड वापरत होता, ती एका पिशवीत साठवून कारखान्यामागे रंध्याच्या भुशाबरोबर जाळत होता, आणि घरी येण्याआधी समुद्रात डुबकी मारत होता. समुद्रातून आलेला माणूस ओला असणारच. बिछान्यात तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. रोलांदचा हात पाठीवर आला, की झोपेचं सोंग घ्यायचा. तिला सांगावं असं त्याला रोज वाटायचं आणि रोज तो दुसऱ्या दिवसावर ढकलायचा.

मग डॉक्टर बेलरोझ स्वतः गावात आल्या. योल मंडळाच्या शेडमध्ये, होड्यांच्या मधोमध खुर्च्या मांडून, ऑपरेशन झालेल्या सगळ्यांची बैठक घेतली. बाईंनी सरळच विचारलं, "ज्यांना आता पॅड लागत नाही, त्यांनी हात वर करा."

हिलेर ओनेझीमच्या शेजारी बसला होता. त्याचा खांदा हलला की काय असं ओनेझीमला वाटलं, आणि त्याच्या आत काहीतरी भडकलं. या माणसाच्या मागून हात वर करायचा? आयुष्यभर मागूनच? ओनेझीमने झटकन हात वर केला. त्याच्यानंतर हिलेरने केला. मग बाकीच्यांनी, एकामागून एक, खुर्च्या करकरवत.

डॉक्टरांनी सगळ्या हातांकडे पाहिलं. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "जगात इतके कोरडे पुरुष एका ठिकाणी मी पाहिले नाहीत. मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नाहीत." थोडं हसू झालं. बाई हसल्या नाहीत. "तुम्ही सांगितलं नाही तर मला कळणार नाही, आणि मला कळलं नाही तर तुमच्यानंतरच्या माणसासाठी मी काय करणार?"

सगळे एकदम होड्यांकडे बघायला लागले. ओनेझीम घरी जाताना एवढाच विचार करत होता, की बाकीचे खरंच कोरडे आहेत, आणि गावात भिजलेला मीच एक. ही बैठक झाली शुक्रवारी. रविवारी हिलेर पांढरी पँट घालून चर्चमध्ये आला.

त्यानंतर त्या पँटने ओनेझीमला छळलं. बाजारात ती पँट, उत्सवात ती पँट, गुत्त्यातल्या बाकावर ती पँट. हिलेर रम ओतून घेताना म्हणायचा, "रक्तातला आकडा शून्य, भावांनो. पक्कं शून्य." आणि सगळे त्याच्या पाठीवर थाप मारायचे.

ओनेझीमचा आकडा मात्र शून्यावर थांबला नाही.

डॉक्टर बेलरोझनी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं. "ऑपरेशननंतर हा आकडा तळाशी चिकटून राहायला हवा. तुमचा वर सरकतोय. पहिल्यांदा थोडा, आता आणखी थोडा. आजार परत डोकं वर काढतोय."

ओनेझीमने टोपी हातात फिरवली आणि विचारलं, "हिलेरचा किती आहे?"

"मुस्यू ओनेझीम, मी तुमच्याबद्दल बोलतेय."

"त्याने केळीच्या बागेत आयुष्य काढलं. कीड मारायची ती विषारी भुकटी नुसत्या हातांनी झाडांच्या बुंध्याशी टाकली. मी कधी केळीच्या झाडाला हात लावला नाही. मी लाकडातला माणूस."

"ते विष मातीत गेलंय, पाण्यात गेलंय. तुमच्या बाबतीत कशामुळे झालं हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. पुढचं सांगू शकते. आकडा लहान आहे, तोवर किरणोपचारांचा उपयोग चांगला होतो. मोठा झाल्यावर मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज शहरात यायचं. या महिन्यात सुरू करू या."

"कळवतो," ओनेझीम म्हणाला.

त्याने कळवलं नाही. सात आठवडे रोज शहरात जायचं, म्हणजे रोलांदला सांगावं लागणार. रोलांदला सांगायचं, म्हणजे चार पॅडपासून सगळंच सांगावं लागणार. आणि गावात कळणार, की हिलेरचा आजार गेला, ओनेझीमचा उलटला. गुत्त्यात हिलेर टोपी काढून दया दाखवणार. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ओनेझीमला वाटलं, आणि हे तो उगाच बोलायचं म्हणून म्हणत नव्हता. मिरेयचे फोन आले, त्याने उचलले नाहीत. एका रविवारी चर्चमध्ये त्या पँटकडे बघताना त्याच्या मनात आलं, याचाही परत येऊ दे. तो दचकला. देवाची माफी मागितली, विचार मागे घेतला. प्रार्थना संपून हिलेर वळला, हसला, आणि विचार पुन्हा जागच्या जागी आला.

अशात त्याला कारखान्यात एक गोष्ट दिसली. माळ्यावरच्या पिवळ्या पट्ट्याच्या शिडाची घडी बदलली होती. उलगडून पाहिलं तर एका कडेने कापड कापलेलं. सरळ, सफाईदार, कात्रीने. ओनेझीमच्या अंगाचा तिळपापड झाला. कारखान्याची किल्ली त्याच्याकडे आणि घरी खिळ्यावर, एवढ्या दोनच.

आणि दुसरी गोष्ट. गुरुवारी तो दिवसभर डोंगरात लाकूड बघायला जायचा. एका गुरुवारी लवकर परतला, तेव्हा घरामागच्या नीरफणसाच्या झाडाआड हिलेरची गाडी होती. तो लांबूनच वळला, समुद्रावर जाऊन बसला. संध्याकाळी घरी येऊन त्याने विचारलं, "आज कोणी आलं होतं?"

"कोण येणार?" रोलांद म्हणाली, आणि मासळीच्या रश्श्यात लिंबू पिळलं.

त्या रात्री भिंतीकडे तोंड करून पडलेला ओनेझीम सगळं जुळवत गेला. पांढरी पँट. पक्कं शून्य. सावरलेला, नाचणारा, विधुर. आणि आपण बायकोला पाठ दाखवून झोपतो त्याला वर्ष होत आलं. यात रोलांदची चूक तरी काय, असंही त्याच्या मनात आलं, आणि त्यानेच तो जास्त पेटला. आता तर शहरात जायचा प्रश्नच नव्हता. सात आठवडे घर मोकळं सोडायचं? रोज? या माणसासाठी?

पुढच्या गुरुवारी तो निघाला, वळणापर्यंत गेला, आणि परत आला. गाडी झाडाआड होती. वाऱ्याच्या बाजूची खिडकी बंद. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता, पण ओनेझीमला त्या क्षणी आवाजाचा अर्थ लावायची शुद्ध नव्हती. त्याने दार ढकललं.

खोलीच्या मध्यभागी हिलेर उभा होता. वर इस्त्रीचा सदरा, खाली कमरेला टॉवेल, आणि टॉवेलखाली दोन काटकुळे पाय. गावाचा तांडेल, बेटाची शर्यत मारलेला, त्याचे पाय इतके बारीक असतील असं ओनेझीमला कधी वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्याही प्रसंगात त्याला क्षणभर बरं वाटलं.

"याची पँट कुठंय?" ओनेझीम म्हणाला.

"माझ्याकडे," रोलांद यंत्रावरून मान न उचलता म्हणाली. "दार लाव. वारा येतोय, माणूस उघडा आहे."

"माझ्या घरात हा उघडा का आहे?"

"कारण याच्याकडे पांढरी पँट एकच आहे आणि ती मी पुन्हा नीट करून देतेय."

"ओनेझीम, गड्या, तू समजतोस तसं..." हिलेर टॉवेल दोन्ही हातांनी धरून म्हणाला.

"तू बोलू नकोस. टॉवेल सांभाळ."

ओनेझीमने पुढे होऊन यंत्राखालची पँट ओढली. दोरा तुटला. आत हात घालून ती उलटी केली, काय शोधत होता ते त्यालाही माहीत नव्हतं. हाताला मऊ सुती कापड लागलं, घडीवर घडी, बाळाच्या लंगोटासारखं, मध्ये जाड. आणि त्याच्या मागे, पँटच्या पांढऱ्या कापडाच्या आतून, एक दाट, लेप दिलेलं कापड. त्यावर पिवळा पट्टा होता.

"हे माझं शीड आहे," ओनेझीम म्हणाला.

"तुझं जुनं शीड. यातून थेंब पलीकडे जात नाही, हे आपलं लग्न ठरल्यापासून तूच मला ऐकवतोयस."

ओनेझीम पँट हातात धरून उभा राहिला. त्याला समजत होतं, पण ते आत उतरायला वेळ लागत होता.

"दिवसाला चार," हिलेर खाली बघून म्हणाला. "कधी पाच. घरात असतो तेव्हा चालतं. पण लोकांसमोर... बायको असती तर तिला म्हटलं असतं, काहीतरी शिवून दे. ती नाही. म्हणून रोलांदबाईंकडे आलो. कोणाला सांगू नका म्हणून हात जोडले."

"आणि मला? एकाच आठवड्यात कापलंय आपल्याला. मला नाही सांगितलंस?"

"तुला?" हिलेर पहिल्यांदाच चिडला. "तुला काय सांगू? बैठकीत पहिला हात कोणाचा वर गेला? बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत? मला वाटलं, घ्या, याचं सगळं जागेवर आलं, वर घरात बायकोही आहे, आणि मी एकटा म्हातारा भिजत बसलोय. त्या रात्री झोप नाही मला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, ही पँट शिवून घेतली. तुझ्या पुढच्या बाकावर बसायचं म्हणून."

ओनेझीमला या बोलण्याचा राग यायला हवा होता. पण माणसाचं मन मोठं विचित्र. हिलेर आपल्यावर जळत होता हे ऐकून त्याला इतकं सुख झालं, की तो खुर्चीवर बसला. बसल्यावर त्याला जाणवलं, की आपणही भिजलोय.

"आणि तू," रोलांद त्याच्याकडे वळली. "कारखान्यामागे काय जळतं ते मला कळत नाही? भुशाचा वास तसा असतो? ज्या माणसाला जन्मात पोहायचा कंटाळा, तो रोज डुबकी मारून येतो. मी धुते तुझे कपडे, ओनेझीम. वर्षभर वाट बघतेय, आज सांगेल, उद्या सांगेल. तुझ्याही मापाचं कापड कापून ठेवलंय मी. तिकडे कपाटात."

"मग विचारायचं होतंस."

"कोरड्या माणसाला?"

यंत्राच्या चाकावर तिचा हात होता. हिलेर अजून टॉवेल धरून उभा होता आणि कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं. ओनेझीमने त्याच्याकडे पाहिलं. हा इथे नसता तर सांगणं सोपं गेलं असतं. पण हा गेल्यावर आपण सांगणार नाही, हेही त्याला माहीत होतं. उद्यावर ढकलू, परवावर ढकलू, आणि तो आकडा काही थांबायचा नाही.

"माझा परत आलाय," तो म्हणाला. "आकडा वाढतोय. बाई म्हणाल्या किरणं घ्या, लगेच. मी गेलो नाही."

रोलांदने चाकावरचा हात काढला. "कधी म्हणाल्या?"

"झाले दोन महिने."

"म्हणून ती बाई सारखी फोन करत होती. नाव सांगायची नाही, म्हणायची त्यांनाच द्या. मला वाटलं, तुझी कोणी आहे." तिचा आवाज चिरकला आणि तिने तो लगेच सावरला. "मग म्हटलं, या वयात, या अवस्थेत, कोण बापडी."

हिलेरने टोपी काढली नाही, कारण डोक्यावर टोपी नव्हती, आणि दया दाखवायला हात मोकळे नव्हते. तो म्हणाला, "सोमवारी सकाळी गाडी आणतो."

"मी बसने जाईन."

"बसमध्ये रांगेत उभा राहून, त्या खड्ड्यांतून?" रोलांद म्हणाली. "गाडीने जाशील." तिने ओनेझीमच्या हातातली पँट काढून घेतली, दोरा ओवला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. शिवताना ती रडत होती. दोघं पुरुष ते न दिसल्यासारखं करून खिडकीकडे बघत राहिले.

त्या शुक्रवारी ओनेझीमने स्वतः मिरेयला फोन लावला, रोलांदला शेजारी बसवून. येतो म्हणून सांगितलं. वर हेही सांगितलं, की मागची उत्तरं सगळी खोटी होती, दिवसाला चार लागतात, आणि बाकीचं काहीच उत्तम नाही. मिरेयने सगळं लिहून घेतलं, आभार मानले.

"हिलेरने किती सांगितली?" ओनेझीमने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही, मुस्यू."

"पाच सांगायला हवीत. कधीकधी पाच असतात त्याची," ओनेझीम म्हणाला. रोलांदने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

सोमवारी उजाडताना हिलेर गाडी घेऊन आला. ओनेझीम बाहेर पडला तो पांढऱ्या पँटमध्ये. आतून त्याच्याच शिडाचं अस्तर, आणि त्याने हट्टाने मागून घेतलेला पिवळ्या पट्ट्याचा जास्त रुंद तुकडा. समोर गाडीतून उतरलेला हिलेर, तोही पांढऱ्या पँटमध्ये. दोघांनी एकमेकांना खालून वर पाहिलं.

तोवर रोलांदने गाडीच्या दोन्ही पुढच्या सीटवर टॉवेल अंथरले. हिलेरच्या सीटवरचा नवा होता, निळ्या काठाचा, ओनेझीमच्याच मुलीने फ्रान्सहून पाठवलेला. ओनेझीमच्या सीटवरचा जुना, विरलेला. ओनेझीम दार उघडून तसाच उभा राहिला.

"बस ना," हिलेर आत बसून म्हणाला. "उशीर होईल."

"तुझा नवा आहे."

हिलेरने त्याच्याकडे पाहिलं. मग उतरला, दोन्ही टॉवेल उचलले, नवा ओनेझीमच्या सीटवर नीट, सुरकुती काढून अंथरला, आणि स्वतः जुन्यावर बसला. ओनेझीम आत बसला. गाडी शहराच्या रस्त्याला लागली.